राणीची ज्युबिली आणि बाळंतिणीची खोली

लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडायचा राणीछाप रुपया वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत अजून जपून ठेवलेला असतो. कुणाकडे आजेसासूच्या डब्यातला, कुणाकडे माहेरून आलेला. तोळाभर वजनाचा, चांदीचा, वर डोक्यावर मुकुट घेतलेली एक बाई. दिवाळीला आपण तिला हळदकुंकू वाहतो, आणि भाऊबीज झाली की फडक्यात गुंडाळून पुन्हा कपाटात ठेवून देतो. ही बाई आपल्या देशात कधीही आली नाही. पण तिच्या राज्याची पन्नास वर्षं आणि साठ वर्षं आपल्या पणजी-खापरपणजींच्या काळात साजरी झाली. कमानी उभ्या राहिल्या, दारूकाम झालं, खिरापती वाटल्या. त्या समारंभांतून आपल्या बायकांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. आज तोच विचारू या.

घर एकाचं, किल्ली दुसऱ्याकडे

१८५३ साल वऱ्हाडाच्या इतिहासात महत्त्वाचं. त्या वर्षी मे महिन्यात हैदराबादच्या निजामाने कर्जाच्या आणि फौजेच्या खर्चापायी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. कागदोपत्री मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. म्हणजे घर एकाचं नि किल्ली दुसऱ्याकडे, असा हा संसार पुढे जवळजवळ शंभर वर्षं चालला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिकडे लंडनला व्हिक्टोरिया राणीचं आठवं बाळंतपण झालं. तिने त्या वेळी क्लोरोफॉर्म हुंगून घेतलं, कळा सोसवेनात म्हणून. पुष्कळ धर्मगुरूंना आणि डॉक्टरांना ते पटलं नव्हतं. बाईने कळा सोसल्याच पाहिजेत, असं म्हणणारे तिकडेही होतेच! पण राणीनेच घेतल्यावर बोलणार कोण? आणि आपल्याकडे? आपल्याकडे बाळंतीण अंधाऱ्या खोलीत बाजेवर, उशाशी विळा, पायथ्याशी शेगडी, आणि सुईण येईल तो तिचा देव. राणीची प्रजा म्हणवणाऱ्या बाईची आणि राणीची अशी ही दोन बाळंतपणं. पुढची गोष्ट समजायला एवढं ध्यानात ठेवायला हवं.

ज्युबिली म्हणजे मुळात काय?

आपण रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, हीरकमहोत्सव म्हणतो. पंचवीस, पन्नास, साठ. पंचाहत्तरावा अमृतमहोत्सव. इंग्रजी 'ज्युबिली' हा शब्द मात्र फार जुना, ज्यू लोकांच्या धर्मग्रंथातून आलेला. दर पन्नासाव्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाची तुतारी फुंकायची, गुलामांना मोकळं करायचं, कर्जापायी गेलेली जमीन मूळ मालकाला परत द्यायची, असा तो नेम होता. म्हणजे ज्युबिली हा मुळात देण्याचा आणि सोडवण्याचा सण. कमानी, बँड, बग्ग्या हे सगळं मागाहून आलं.

आपल्याकडे १८८७ मध्ये राणीची पन्नाशी साजरी झाली ती १६ फेब्रुवारीला. विलायतेत मुख्य सोहळा जूनमध्ये, पण आपल्या इकडे जूनच्या उन्हात मिरवणूक कोण काढणार? म्हणून थंडीतच उरकलं. कैदी सोडले गेले, रोषणाई झाली, मोठमोठ्या संस्कृत पंडितांसाठी 'महामहोपाध्याय' ही पदवी याच निमित्ताने सुरू झाली. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, बोरीबंदरच्या नव्या स्टेशनाला राणीचं नाव मिळालं. पुरुषांना पदव्या, मुलांना कारखान्याचं शिक्षण, कैद्यांना सुटका. आणि बायकांना?

त्या तीन आठवड्यांत

पाहा हं, तारखा कशा लागून आल्या. १६ फेब्रुवारी १८८७ला देशभर दिवे लागले. बरोबर दहा दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात आनंदीबाई जोशी गेल्या. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली ही आपली मुलगी, वय अवघं एकवीस. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. क्षयाने ती रिकामीच राहिली.

त्यानंतर आठवडाभरात, ४ मार्चला, मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितलं की, महिन्याच्या आत नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलेलं. त्या सासरी कधी गेल्याच नव्हत्या. ज्या लग्नाला आपण समजून होकार दिला नाही ते आपल्यावर बंधनकारक नाही, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाचा हुकूम झाल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, तुरुंग पत्करेन, पण जाणार नाही.

आणि मग या बाईने काय केलं? राणीच्या ज्युबिलीचाच धागा पकडला. ९ एप्रिल १८८७च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांचं पत्र छापून आलं. गावोगाव राणीवरची निष्ठा दाखवायची चढाओढ लागली आहे, तर या शुभप्रसंगी आई आपल्या लाखो हिंदी लेकींची एक विनंती ऐकेल का, असं त्यांनी विचारलं. विनंती तरी केवढी? मुलाचं वीस आणि मुलीचं पंधरा वर्षं वय होण्याआधी झालेलं लग्न कोर्टात आलं तर कायद्याने ते धरू नये, इतकीच. ना दागिना मागितला, ना वतन. कायद्यात दोन ओळी मागितल्या.

त्या ओळी राणीने दिल्या नाहीत. १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरतेला आणि राजकोटला कित्येक वर्षं त्यांनी बायकांची बाळंतपणं केली, आणि १९५५ मध्ये वारल्या. कायद्याचं काय झालं? १८९१ मध्ये संमतिवय दहाचं बारा झालं, त्यावरही केवढा गदारोळ! १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरलं. रखमाबाईंनी मागितलेलं पंधरावं वर्ष कायद्यात लिहिलं गेलं ते १९४९ मध्ये, आणि तेव्हाही त्याआधी झालेलं लग्न रद्द होत नसे, लावून देणाऱ्याला शिक्षा व्हायची. मागणीनंतर बासष्ट वर्षांनी! तोवर राणीही नव्हती आणि इथलं तिचं राज्यही नव्हतं. अठरा वर्षांची अट तर त्याच्याही पुढे, १९७८ मध्ये आली.

डफरीन आणि लेडी हार्डिंग

एक गोष्ट मात्र मिळाली, आणि ती आपल्यापैकी अनेकींच्या आयुष्याला चिकटलेली आहे. अमरावतीत "पोरगी कुठे बाळंत झाली?" असं विचारा, उत्तर येतं, "डफरीनला." सरकारी पाटीवर जिल्हा स्त्री रुग्णालय, लोकांच्या तोंडी डफरीन. अकोल्यात हेच "लेडी हार्डिंग." रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगाल तर तो क्षणभर विचार करेल, लेडी हार्डिंग म्हटलं की थेट दारात नेईल. या बाया होत्या तरी कोण?

त्याची गोष्ट अशी सांगतात. बुंदेलखंडातल्या पन्ना संस्थानची महाराणी आजारी होती. एका मिशनरी डॉक्टरीणबाईंनी तिला बरं केलं. त्या विलायतेला निघाल्या तेव्हा महाराणीने त्यांच्याजवळ निरोप दिला की, आमच्या बायका आजारपणात फार सोसतात, हे तुमच्या राणीच्या कानावर घाला. चिठ्ठी गळ्यातल्या लॉकेटात मावेल एवढी बारीक लिहायला लावली, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या हाती न पडता राणीच्याच हातात पडेल. दुसरीकडे आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे साक्ष देताना हेच सांगितलं होतं की, इथल्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत, त्यासाठी बायकांनाच डॉक्टर करा. १८८४ मध्ये नवे व्हाइसरॉय डफरीन इकडे यायला निघाले, तेव्हा राणीने त्यांच्या बायकोला या कामात लक्ष घालायला सांगितलं. १८८५ मध्ये डफरीनबाईंचा निधी उभा राहिला, आणि ज्युबिलीच्या निमित्ताने जमणाऱ्या वर्गणीतला वाटाही या बाईंनी त्यासाठी मागून घेतला. त्यातून आणि त्यांच्या नावाने गावोगाव बायकांचे दवाखाने निघाले.

लेडी हार्डिंग या पुढच्या एका व्हाइसरॉयच्या पत्नी. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहा आणि मेरी राणी दिल्लीला दरबारासाठी आले. राणीच्या त्या भेटीची आठवण म्हणून दिल्लीत मुलींचं मेडिकल कॉलेज काढावं असा लेडी हार्डिंग यांनी ध्यास घेतला. १९१४ मध्ये पायाभरणी झाली, त्याच वर्षी त्या गेल्या, आणि १९१६ मध्ये कॉलेज उघडलं ते त्यांच्याच नावाने.

सरकारने हे सगळं निव्वळ दयेपोटी केलं, असं कुणी म्हणणार नाही. पैसा मुख्यतः इथल्याच संस्थानिकांचा आणि सावकारांचा होता. आणि गोषातल्या, सोवळ्याओवळ्यातल्या किती जणी त्या दवाखान्याची पायरी चढल्या, हाही प्रश्न आहेच. पण दोन बायकांनी आपलं दुखणं बोलून दाखवलं, तिसरीने ते मनावर घेतलं, म्हणून हे झालं. बोललं नसतं तर ज्युबिलीचा सगळा पैसा दारूकामात उडाला असता.

दुष्काळात तेरावा महिना

१८९७ला राणीची साठ वर्षं भरली. त्या वर्षी इकडे काय चाललं होतं? १८९६चा पाऊस दगा देऊन गेलेला, ज्वारी महाग, मुंबई-पुण्याला प्लेगने घेरलेलं. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत शिरत, देवघर-माजघर बघत नसत, बायाबापड्यांची तपासणी करत. अशात हीरकमहोत्सव! आपली म्हण आहे ना, दुष्काळात तेरावा महिना. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत लाटसाहेबाच्या बंगल्यावर रोषणाई आणि मेजवानी झाली, आणि परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. तीन भाऊ पुढे फासावर गेले. एका घरातले तिन्ही मुलगे! त्या घरातल्या बायकांचा विचार मनात आला की आजही अंगावर काटा येतो.

लोकमान्य टिळकांना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाची शिक्षा झाली. आणि ज्युबिलीचं ते वर्ष संपता संपता, डिसेंबरमध्ये, राष्ट्रसभेचं तेरावं अधिवेशन कुठे भरलं? आपल्या अमरावतीला! अध्यक्ष मलबारचे शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. मंडपात टिळक नव्हते, पण त्यांच्याविषयीचं दुःख तिथे बोलून दाखवलं गेलं. देशभरातून माणसं आली, उतरली, जेवली. इतिहासाच्या पुस्तकात भाषणं आहेत, त्या पंक्तींसाठी चुलीपाशी राबलेल्या हातांची नोंद नाही. पण एवढी पंगत काही भाषणांवर उठली नसेल, हे तुम्हीआम्ही ओळखतोच की!

वऱ्हाडची युवराज्ञी

आणखी एक ज्युबिली वऱ्हाडाशी जोडलेली आहे, निजामाची. १९०२ मध्ये इंग्रजांनी वर्षाला पंचवीस लाख रुपये देण्याच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं. १९३६च्या करारात निजामाचं समाधान म्हणून त्याला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम' हा किताब मिळाला, त्याचा झेंडा इथे इंग्रजांच्या झेंड्याशेजारी लागला, आणि थोरला मुलगा झाला 'प्रिन्स ऑफ बेरार'. लगोलग फेब्रुवारी १९३७ मध्ये मीर उस्मान अली खान यांचा रौप्यमहोत्सव हैदराबादला थाटात झाला. अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचं चित्र मुखपृष्ठावर छापलं. हा सगळा थाट ज्या वऱ्हाडाच्या नावाने, तिथल्या कापूस वेचणाऱ्या बाईला त्याची गंधवार्ता तरी असेल का?

'प्रिन्सेस ऑफ बेरार' म्हणजे वऱ्हाडची युवराज्ञी होती दुर्रुशहवार, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस गावी तिचं लग्न झालं, त्याच दिवशी तिची नात्यातली निलोफर निजामाच्या धाकट्या मुलाला दिली. दोघी देखण्या, शिकलेल्या, आणि दोघींची आठवण आज कशाने उरली? दुर्रुशहवारच्या नावाचा बायकामुलांचा दवाखाना हैदराबादला आहे. निलोफरची एक दासी बाळंतपणात दगावली, त्या धक्क्यातून तिने पुढाकार घेतला आणि १९५३ मध्ये निलोफर हॉस्पिटल उघडलं. पाहिलंत? पुन्हा बाळंतिणीचीच खोली! महालातल्या बाईलाही शेवटी तीच गोष्ट महत्त्वाची वाटली.

नावं बदलली, काम राहिलं

मुंबईच्या त्या ज्युबिली संस्थेचं नाव १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाईंच्या नावाने झालं. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली, व्हीजेटीआय! आणि जिजाऊ म्हणजे आपल्या सिंदखेडराजाच्या, वऱ्हाडच्या लेकी. राणीच्या नावाची पाटी उतरून वऱ्हाडच्या मुलीची लागली, म्हणजे सासरी गेलेली मुलगी घरची मालकीण झाल्यासारखंच. पाटी बदलली तरी शाळा राहिली, कारण ती कामाची होती. कमानी मात्र दुसऱ्या दिवशीच उतरल्या.

तिकडे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९३६ मध्ये आपल्या हीरकमहोत्सवात खेड्यांच्या सुधारणेसाठी एक कोटी रुपये काढून ठेवले. स्वतःच्याच राज्यातलं, स्वतःच्याच सणाला दिलेलं. ज्युबिलीचा मूळ अर्थ कुणाला उमगला असेल तर या राजाला.

आपल्या घरच्या ज्युबिल्या

आता राजे गेले, पण महोत्सव आपल्या घरी आले. मामंजींची एकसष्टी, सासूबाईंचा अमृतमहोत्सव, आईबाबांच्या लग्नाची पन्नाशी. अमरावती-अकोल्याची मंगल कार्यालयं लग्नसराई नसतानाही भरलेली असतात. करावंच, का करू नये? पण ऋण काढून सण नको. आणि या जुन्या गोष्टींतून आपल्या कामाचं काही वेचता येतं.

ज्याचा सोहळा, त्याला आधी विचारा. १८९७ मध्ये राणीला संधिवाताने पायऱ्या चढवेनात, तेव्हा लंडनच्या सेंट पॉल चर्चची प्रार्थना पायऱ्यांच्या खाली झाली, राणी बग्गीतच बसून राहिली. सम्राज्ञीसाठी देऊळ खाली उतरलं, आणि आपण गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना शालू नेसवून दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चढवतो! एका ओळखीच्या घरी पंचाहत्तरीला आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मले हार-तुरे कायले पाह्यजेत? न्हाणीघरात धरायले एक दांडा लावून द्या, अन् बसायची सोय करा." घरच्यांनी दोन्ही केलं, वर पुरणपोळीची घरगुती पंगतही केली. आजी खूश, सुनाही खूश.

खर्चाचा एक वाटा बाजूला काढा. हॉल, जेवण, आहेर यांचा हिशेब मांडताना पहिल्यांदाच एक रक्कम अशा कामाला लिहा, जे वर्षानंतरही दिसेल. मोलकरणीच्या मुलीची फी, गावच्या शाळेला पाण्याची टाकी, वाचनालयाला पुस्तकं. शेवटी उरलं तर देऊ म्हटलं, की काही उरत नाही, हा तुमचा-माझा अनुभव.

आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिची ज्युबिली आधी करा. नाव वेळेवर नोंदवा, तपासण्या चुकवू नका, सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण विनामूल्य असतं आणि १०२ नंबरवर गाडी बोलावता येते, हे तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईलाही सांगा. शहरातल्या बाईला डफरीन किंवा लेडी हार्डिंग दहा मिनिटांवर आहे. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या बाईला ते अजून फार लांब आहे. राणीने १८५३ मध्ये जे सुख मिळवलं, ते तिच्यापर्यंत नीट पोचलेलं नाही.

शेवटची गोष्ट रखमाबाईंची. सगळं गाव दिवे लावण्यात गुंतलेलं असताना ही बाई उठून म्हणाली की, सण आहे ना, मग आमचंही एक मागणं ऐका. मिळालं नाही, पण मागितलं म्हणून ते लिहिलं गेलं, आणि लिहिलं गेलं म्हणून पुढच्यांना ते पुढे नेता आलं. पुढच्या खेपेला घरात कुणाच्या पन्नाशीची बैठक बसेल, याद्या होतील, तेव्हा चहाचे कप आत-बाहेर करताना तुम्हीही क्षणभर टेकून बसा, आणि तुमचं मागणं त्या यादीत लिहून घ्यायला लावा.

राणीछाप रुपया असा जपा

• जुना रुपया रांगोळी, राख, चिंच किंवा पितांबरीने घासू नका. अक्षरं झिजतात, आणि नाण्यांच्या जाणकारांच्या लेखी त्याची किंमत उतरते.
• कोमट पाण्यात साध्या साबणाचे दोन थेंब टाकून हलकेच धुवा, मऊ सुती फडक्याने टिपून पूर्ण कोरडा करा.
• हळदकुंकू थेट नाण्यावर न वाहता ताटात किंवा विड्याच्या पानावर वाहा.
• नाण्यावर 'व्हिक्टोरिया क्वीन' असेल तर ते १८७७च्या आधीचं, 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' असेल तर त्या सालापासून पुढचं.
• तो कुणाकडून आला, कोणत्या प्रसंगाने आला, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. रुपया मुलींना मिळेल, चिठ्ठीने आजी मिळेल.